सोसायटीच्या जवारीवरची वावडी

सासरी आल्यावर पहिल्या तीन वर्षांत मी माझ्या सासऱ्यांशी दोनदाच भांडले, आणि दोन्ही वेळा गाठीवरून. सुना स्वयंपाकावरून भांडतात, माहेरी धाडण्यावरून भांडतात. मी दोरीला मारलेल्या गाठीवरून भांडले. पहिलं भांडण शेताच्या बांधावर झालं आणि दुसरं भर सभेत, सगळ्या गावादेखत. मला राग पटकन येतो. तेव्हा यायचा, आता गुडघे दुखायला लागले तरी येतो. त्यामुळं पुढं जे सांगते आहे त्यात माझी बाजू मी जरा उजळ करून सांगत असेन, तेवढं वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. उंच, हडकुळे, बोलायला कमी. दोर गावात बरेच जण वळायचे, पण गाठ मारावी ती मामांनीच, असं सगळे म्हणत. त्यांची रीत ठरलेली होती. दोर अंबाडीचा असो, सुती असो की सुतळी असो, गाठ मारायची, तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि भिजली की पाय लावून ओढायची. वाळली की ती गाठ दगड व्हायची. सोडायची म्हटलं तर विळा आणावा लागे. घरातल्या पिठाच्या पिशवीलासुद्धा ते अशीच निरगाठ मारायचे आणि रोज सकाळी माझी नखं तुटायची.

गाव भूम तालुक्याच्या बाजूला, उंच माळावर. पाण्याच्या नावानं बोंब, वारा मात्र उदंड. दुष्काळाचं ते दुसरं साल होतं. माझा नवरा सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला होता, आठवडी बाजाराच्या दिवशी घरी यायचा. आमचा एकुलता बैल गुरांच्या छावणीत गेला होता. गोठ्यात खुंटीवर त्याचं दावं तेवढं लटकत होतं आणि येता-जाता मामा त्याला उगीच हात लावून बघायचे.

गावात एकाच विहिरीला थोडं पाणी टिकलं होतं. सोसायटीनं तिच्या आसपासचं चार एकर रान एकत्र केलं आणि त्यात जवारी पेरली. सगळ्यांनी मिळून ठरवलं की या रानातलं एक कणीससुद्धा कुणी हुरड्याला मोडायचं नाही. सगळी जवारी बियाण्याला ठेवायची, म्हणजे पुढच्या साली पाऊस झाला तर गावाला पेरायला दाणा असेल. गावोगाव तीच ओरड होती. पाऊस आलाच तर पेरणार काय. आम्ही रेशनवरच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी जवारीच्या, भाकरी खात होतो, आणि डोळ्यांसमोर चार एकर हिरवी जवारी उभी होती, आणि तिला कुणी हात लावत नव्हतं. आजही मला त्याचं नवल वाटतं.

राखणदार म्हणून सभेनं मामांना नेमलं. याचा अर्थ आमच्या घरात किती मोठा होता ते सांगायला हवं. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या खालच्या अंगाला. धर्मांतराच्या आधी मामांच्या वडलांनी गावाची राखण केली होती, ती शिळ्या भाकरीवर आणि दारापासून लांब उभं राहून. मामांनी ते काम सोडलं होतं आणि पुन्हा करणार नाही असं सांगितलं होतं. या वेळी चेअरमन स्वतः आमच्या दारी आले. ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते. म्हणाले, सभेत हात वर करून ठरलंय, हजेरीपत्रकावर नाव राहील, पगार मिळेल. मामा कबूल झाले. पण त्याच सभेत कुणीतरी मागं बसून म्हणालं होतं, "पाखरानं खाल्लं का राखणदारानं, कोन बघायलंय?" ते मामांच्या कानावर आलं. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं आणि म्हणाले, "बाई, एक दाना कमी झाला तरी आता माझ्यावर हाय."

थंडी सरता सरता भोरड्या आल्या. ज्यांनी भोरड्या पाहिल्या नाहीत त्यांना त्या साध्या पाखरासारख्या वाटतील. गुलाबी अंग, काळं डोकं, साळुंकीएवढा आकार. पण त्या येतात हजारांनी, आणि एका शेतावर बसल्या की कणसाचा नुसता भुसा उरतो. चांगल्या साली त्या शंभर रानांत वाटल्या जातात. त्या साली आसपासच्या चार-पाच गावांत उभं पीक म्हणावं असं आमचंच रान होतं. सगळ्या आमच्याच पाहुण्या.

मामा रानातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभे राहून गोफण फिरवायचे. दगड सुटला की थवा उठायचा, एक वळसा घ्यायचा आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. आठ दिवसांत मामांचा उजवा खांदा भरून आला. हात डोक्याच्या वर जाईना. मी तेल चोळत होते आणि ते भिंतीकडं बघत म्हणाले, "आता डाव्या हातानं फिरवावी लागंल." डाव्या हातानं मारलेला पहिला दगड विहिरीच्या इंजिनावर जाऊन आदळला.

तेव्हा मला माहेर आठवलं. माझं माहेर तुळजापूरचं. यात्रेकरूंच्या लॉजच्या गच्च्यांवर माझे भाऊ पतंग उडवायचे. मला मुलगी म्हणून उडवू देत नसत, पण कन्नी बांधायला मीच लागायचे. पतंगाच्या पाठीच्या कामट्यांना बांधलेले दोरे पुढं एका ठिकाणी आणतात, त्याला कन्नी. ती चुकली की पतंग गिरक्या घेत नाक खुपसतो. एका साली भावांनी काळी मोठी वावडी केली होती, म्हणजे पुरुषभर उंचीचा थोरला पतंग, आणि ती वर गेली की मंदिराच्या बाजूची सगळी कबुतरं उठून जायची. त्यांना वाटायचं ससाणा आला. हे मी मामांना सांगितलं.

मामा म्हणाले, "सून बांधावर पतंग उडवतीया म्हणल्यावर गाव काय म्हनंल?"

मी म्हणाले, "मामा, भोरड्या काय म्हणतील ते बघू."

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बांबू चिरून त्याच्या कामट्या काढून ठेवल्या होत्या.

सोसायटीच्या ऑफिसातली जुनी वर्तमानपत्रं चेअरमननी दिली. मिलोच्या पिठाची खळ शिजवली. त्या पिठाची भाकरी कुणाला गोड लागत नव्हती, खळ मात्र झकास झाली. कागदाचे तीन थर दिले, वरून तव्याची काजळी फासली. वावडीच्या डोक्यावर वाकवलेली कामटी लावली आणि तिच्यावर कागदाची पट्टी ताणली, म्हणजे वारा लागला की घूं आवाज येतो. वावडी तयार झाली तेव्हा ती आमच्या दारातून बाहेर निघेना. मामांनी ती आडवी-तिरपी करून, दाराला शिव्या देत बाहेर काढली.

खरी अडचण दोराची होती. अंबाडीचा दोर लावला तर त्याच्या ओझ्यानं वावडी उठेना. सुती दोरा लावला, ती उठली, आणि माळावरच्या वाऱ्यानं पहिल्या झटक्यात दोरा तोडला. नशिबानं वावडी रानातच पडली. एवढ्या मोठ्या वावडीची ओढ काय असते ते तुळजापुरात मला कळलं नव्हतं, कारण तिथं तीन-तीन भाऊ मिळून धरायचे. इथं ती दिवसभर बाभळीच्या खोडाला बांधून, एकटी उडत राहायला हवी होती.

बाजारच्या दिवशी नवरा घरी आला, त्यानं खडीच्या ट्रकचं एक फाटकं टायर आणलं. त्या टायरात नायलॉनचे दोरे असतात. ते सोलून काढायला आणि एकाला एक जोडत लांब वळायला आम्हा तिघांना एक दिवस लागला. पांढरा, बारीक, गुळगुळीत दोरा. मामांनी दोन्ही हातांना गुंडाळून ओढून पाहिला, तुटला नाही, उलट तळहातावर वळ उठला. "लई चिवट हाय," ते म्हणाले, आणि सुती दोऱ्याकडं जरा तुच्छतेनं पाहिलं.

कन्नी मी बांधली. दोर कन्नीला जोडायची गाठ मामांनी मारली, कारण घरात गाठ मारायचा मान त्यांचा. आणि मारल्यावर त्यांनी काय करावं? मी लांबून डोक्यावर आणलेल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी त्यांनी घेतलं, गाठीवर ओतलं आणि पाय लावून ओढली. पिण्याचं पाणी.

वावडी वर गेली. खरंच गेली. घूं आवाज करत माळाच्या वर जाऊन थांबली आणि जवारीवर बसलेल्या सगळ्या भोरड्या एका दमात उठल्या. या वेळी त्या वळसा घेऊन परत आल्या नाहीत. बघायला आलेली पाच-सहा माणसं "भले" म्हणाली. मामांनी बाभळीला दोर बांधला आणि पहिल्यांदा खांदा चोळत खाली बसले.

दुपारी वारा वाढला. मी कांदा-भाकरी घेऊन येत होते तेव्हा आवाज बदलला. वर पाहिलं तर वावडी तिरपी होऊन लांब चालली होती आणि दोर मोकळा होऊन हळूहळू जमिनीवर येत होता. मामांनी तो गोळा करून टोक बघितलं. दोर कुठं तुटला नव्हता. गाठ सुटली होती. सुताची, अंबाडीची गाठ भिजली की फुगते, आवळते. नायलॉनची भिजली की निसटते. हे तोवर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मामांच्या आयुष्यात त्यांनी मारलेली गाठ आपणहून सुटल्याची ती पहिली वेळ.

आणि तासाभरात भोरड्या परत आल्या. मामा गोफण घेऊन धावले, मी डबा बडवत धावले, विहिरीवरची माणसं धावली. संध्याकाळपर्यंत बांधालगतच्या पाच-सहा ओळी रिकाम्या झाल्या होत्या. कणसं उभीच होती, आत दाणा नव्हता.

मला राग आला. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मामा, तांब्याभर पाणी ओतलंत तुम्ही त्या गाठीवर. पाणी पण गेलं आन् जवारी पण गेली. इतकं कसं कळत न्हाय?"

माणसं खाली बघायला लागली. सासऱ्याला असं बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नसेल. मामा हातातल्या दोराच्या टोकाकडं बघत राहिले. माझं तोंड तेव्हाच कडू झालं, पण शब्द सुटून गेला होता. आजही सांगते, ते मी बोलायला नको होतं. चूक गाठीची होती, ती मी त्यांच्या अकलेवर मारली.

वावडी पलीकडच्या ओढ्यात बोरीच्या झुडपाला अडकलेली सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ठिगळं लावत अंगणात बसले होते. मामा गोठ्याच्या उंबऱ्यावर बिडी ओढत होते. माझ्याशी बोलत नव्हते. मांडीवर तो पांढरा दोरा होता आणि ते त्याच्याकडं दुष्मनासारखं बघत होते. मग त्यांनी बिडीचं पेटतं टोक त्या दोऱ्याच्या टोकाला टेकवलं. मला वाटलं रागानं जाळून टाकतायत. पण दोरा जळला नाही. वितळला, आक्रसला, आणि टोकाला कडक मण्यासारखी गोळी झाली. मामांनी ती नखानं दाबून पाहिली, दातानं चावून पाहिली. पुन्हा दुसऱ्या टोकाला बिडी टेकवली. पुन्हा गोळी.

"बाई," ते म्हणाले. कालपासूनचा पहिला शब्द. "हिकडं ये. ह्या दोऱ्याला पानी न्हाय, इस्तू लागतो."

मी गेले. गाठीच्या पुढचं टोक असं वितळवून गोळी केली तर ते गाठीतून मागं सरकणार नाही, एवढं आम्हाला दोघांनाही कळलं. पण बाभळीकडून येणारा मोठा दोर कन्नीला धरणार कसा? नुसती गुंडाळी निसरडीच राहणार. आम्ही दोघं त्या दोऱ्याकडं बघत बसलो, आणि एकदम मामा उठले, खुंटीवरचं बैलाचं दावं काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं.

दाव्याच्या एका टोकाला फास असतो आणि दुसऱ्या टोकाला जाड गाठ. गाठ फासातून काढली की झालं बिरडं. बैल कितीही ओढू दे, गाठ फासाला अडते, निसटत नाही. आणि सोडायचं झालं तर दाव्याला जरा ढील द्यायची आणि अंगठ्यानं गाठ मागं लोटायची. हे प्रत्येक घरात रोज दोनदा करतात. जोर पकडीवर नसतो, अडण्यावर असतो. मामांनी ते तसं समजावून सांगितलं नाही. नुसतं बिरडं घातलं, दोन्हीकडून हिसडा दिला, अंगठ्यानं सोडलं, आणि माझ्याकडं पाहिलं.

मग मला माझ्या बाजूचं सुचलं. कन्नीचा वरचा दोरा आखूड केला की वावडी डोकं पुढं झुकवते आणि जोराचा वारा अंगावरून जाऊ देते, ओढ कमी होते. लांब केला की मंद वाऱ्यातही उठते. हे भाऊ दरवेळी गाठ सोडून, पुन्हा बांधून करायचे आणि भांडायचे. मी वरच्या दोऱ्याला बोटाबोटाच्या अंतरावर तीन जाड गाठी मारल्या. प्रत्येक गाठ तीन वेढ्यांची, शेवटच्या टोकाला बिडीची गोळी. मोठ्या दोराला फास. सकाळी वारा कमी असला की टोकाची गाठ फासात अडकवायची, दुपारी वाढला की मधली, सोसाट्याचा असला की वरची. काही सोडायचं नाही, काही बांधायचं नाही. बिरडं काढायचं, बिरडं घालायचं.

मामांनी ते तीन वेळा करून पाहिलं. "हे तुला कुनी शिकविलं?" म्हणाले.

"तुमच्या बैलानं," मी म्हणाले. त्यावर मात्र ते हसले.

माफी मी मागितली की नाही ते मला नक्की आठवत नाही. बहुतेक नाही मागितली. त्या दिवशी पिठाची पिशवी बांधून देताना त्यांनी तिला सुरगाठ मारली, एका हिसक्यात सुटणारी. त्यावरून मी समजले की मिटलं.

वावडी पुन्हा वर गेली ती पंधरवडा उलटून पुढं कापणीपर्यंत रोज उडत राहिली. पहाटेचं झुंजुरकं संपलं की मामा आणि मी रानात जायचो. ते हात वर करून वारा बघायचे, दुखऱ्या खांद्यानं जेवढा वर जाईल तेवढा, आणि विचारायचे, "आज कितवी गाठ?" मी सांगायचे. कधी त्यांना पटायचं नाही. मग त्यांची गाठ लावायचो आणि वावडी डुलायला लागली की माझी लावायचो. कधी त्यांचीच बरोबर निघायची. वारा अगदी पडला की आम्ही डबे बडवायचो, आणि वस्तीवरच्या बायका, वरच्या आळीतल्या बायका, सगळ्या आपापली पातेली घेऊन यायच्या. एकीनं पातेलं बडवून बडवून त्याला पोचे पाडले आणि नवऱ्याला सांगितलं की भोरडीनं पाडले.

दोर एकदाही सुटला नाही. भोरड्या माळाच्या कडेला झाडांवर बसून बघत राहायच्या आणि संध्याकाळी उडून जायच्या.

जवारी कापली, मळली, वारवली. पोती भरली आणि मामांनी सुतळीनं तोंडं बांधली. उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाची चिन्हं दिसायला लागल्यावर, सोसायटीच्या ऑफिसापुढं सभा भरली. प्रत्येक घराला बियाणं वाटायचं होतं. पुरुष पुढं बसले होते, आम्ही बायका भिंतीकडेला उभ्या. चेअरमन मास्तर उठले. त्यांनी राखणदाराचं नाव घेऊन सांगितलं, की पाच-सहा ओळी सोडल्या तर सगळं रान हाताला लागलं, गावाला पुरेल एवढं बियाणं आहे, आणि हे मामांच्या गाठीमुळं झालं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मागं बसून बोललेला माणूस कोण होता ते मला माहीत नव्हतं, पण तोही त्या टाळ्यांत असणार.

मामा उभे राहिले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. टोपी काढून हातात धरली.

"गाठ माझी न्हाय," ते म्हणाले. "माझी सुटली व्हती. त्या पाच-सहा ओळी माझ्या हायती. ऱ्हायलेलं रान सुनेच्या गाठीनं राखलं. माझं नाव लिवलंय कागदावर, तिथं तिचं बी लिवा."

सगळ्यांनी वळून भिंतीकडं पाहिलं. मला पदर कुठं ठेवावा कळेना. आयुष्यभर ज्याच्या गाठीला कुणी नाव ठेवलं नाही, त्यानं चारचौघांत आपली गाठ सुटल्याचं सांगितलं, आणि तेही ज्यांच्यासमोर मी त्यांना बोलले होते त्याच माणसांसमोर. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

चेअरमननी हजेरीपत्रक मागवलं आणि खरोखरच माझं नाव मामांच्या नावाखाली लिहिलं. मग म्हणाले, "चला, पहिलं पोतं सूनबाईंनीच सोडावं."

मी पुढं गेले. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं होतं. हात लावला आणि कळलं. निरगाठ. भिजवून, पाय लावून ओढलेली, वाळून दगड झालेली. नखांनी ओढली, हलेना. सगळं गाव बघतंय, आणि मी पोत्यापुढं उकिडवी बसून एका गाठीशी झटतेय.

"मामा," मी सभेच्या मधूनच म्हणाले, "पुन्हा पाणी ओतलंत?"

"पोत्याची हाय ती," मामा म्हणाले. "सुतळीला लागतंच की पानी. वावडीची न्हवं."

"मग सोडायची कुणी?"

"तूच सोड. तुला येतंय सगळं."

सभा हसत होती. कुणीतरी विळा पुढं केला. मी घेतला नाही. पोतं मांडीशी ओढून, पदर खोचून, ती गाठ मी दातांनी सोडवली. वेळ लागला. तोंडात सुतळीचे तंतू आले आणि त्यांच्याबरोबर जवारीचा एक दाणा. तो मी जिभेवरून काढला, पदराला पुसला आणि परत पोत्यात टाकला.